एक नोव्हेंबरची रेघ

(पुणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुणे हे एके काळी पेन्शनरांचे शहर म्हणून ओळखले जाई. मामलेदार कचेरी, शिक्षण खाते, टपाल खाते, रेल्वे यांत उभी हयात काढलेली माणसे येथे येऊन राहत, सकाळी पर्वती चढत आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून सरकारच्या चुका काढत. त्यांच्यावर विनोदही पुष्कळ झाले. परंतु विनोद करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट क्वचितच आली. त्या म्हाताऱ्यांचा ताठ कणा ही केवळ पर्वतीच्या पायऱ्यांची किमया नव्हती. मुलासुनेपुढे हात न पसरता जगता येईल इतकी रक्कम दरमहा घरात येत होती, आणि ती कोणाच्या मेहेरबानीने येत नव्हती, हे त्या ताठपणाचे खरे कारण होते.

आज त्याच पुण्यात, जिल्हा परिषदेत म्हणा, सेंट्रल बिल्डिंगमध्ये म्हणा किंवा ससून रुग्णालयात म्हणा, एकाच मेजाच्या दोन बाजूंना दोन कर्मचारी बसलेले आढळतात. दोघांचे पद एक, वेतनश्रेणी एक, साहेब एक आणि कामाचा ढीगही एक. एक ३१ ऑक्टोबर २००५ पूर्वी रुजू झाला, दुसरा १ नोव्हेंबरनंतर. पहिल्याला निवृत्तीनंतर अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता मिळणार. दुसऱ्याच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जाणार आणि त्यांतून साठेल तेवढे त्याचे. कॅलेंडरावरच्या एका रेघेने दोघांचे तारुण्य सारखे ठेवले आणि म्हातारपण वेगळे केले. ही रेघ न्याय्य आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर शोधताना सरकारी नोकरीच्या नियमांत बदल करण्याचा अधिकार कोणाला, कोठवर आणि कोणत्या अटींवर, याचाही विचार करावा लागतो.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सेवाशर्ती म्हणजे अपौरुषेय वेद नव्हेत. काळ बदलतो तसे नियम बदलावे लागतात, आणि प्रत्येक बदलाला अन्याय म्हणणे ही संघटित वर्गाची वाईट खोड आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाने पाच दिवसांचा आठवडा लागू केला. कर्मचाऱ्यांना शनिवार मोकळा मिळाला. त्याच्या बदल्यात रोजची कार्यालयीन वेळ वाढून सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी झाली. यात काही दिले गेले, काही घेतले गेले, आणि दोन्ही गोष्टी उघडपणे सर्वांनाच लागू झाल्या. या बदलाच्या उपयुक्ततेविषयी मतभेद असू शकतील, पण त्याला कोणी कपट म्हणणार नाही. तेव्हा बदल झाला का, हा प्रश्न गौण आहे. बदलाची किंमत कोणी चुकवली, तिचा निर्णय कोणी घेतला आणि ती चुकवणाऱ्याला त्या निर्णयात काही बोलता आले का, हे पाहिले पाहिजे.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तरी त्याची उजळणी केलेली बरी. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदले वगळून, नव्या भरतीसाठी अंशदानावर आधारित योजना आणली. निर्णय वाजपेयी सरकारचा होता. त्याला कायद्याचे रूप २०१३ मध्ये मनमोहनसिंग सरकारच्या काळात मिळाले. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून हीच वाट धरणारे सरकार काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांचे होते. पश्चिम बंगालने मात्र ही वाट कधीच धरली नाही. म्हणजे या प्रश्नावर एका पक्षाला दोषी ठरवून दुसऱ्याला आरतीचे ताट ओवाळण्याची सोय नाही. उजवे आणि स्वतःला मध्यममार्गी म्हणवणारे, दोघेही एकाच अर्थशास्त्राच्या पाठशाळेतले विद्यार्थी निघाले.

आता न्यायाची पहिली कसोटी वचनाची. निवृत्तिवेतन म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात याचे उत्तर दिले. निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेले बक्षीस नव्हे, तो पूर्वी केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, असे न्या. देसाई यांच्या निकालपत्राचे सार आहे. त्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. सुधारित सूत्राचा लाभ ठरावीक तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांनाच देणारी रेघ न्यायालयाने त्या खटल्यात मनमानी ठरवली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर निवृत्तिवेतन हे लांबणीवर टाकलेले वेतन आहे.

यावर सरकारचे वकील म्हणतील, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच म्हणतील, की नकारा खटला आधीच निवृत्त झालेल्यांचा होता. २००५ नंतर आलेल्यांना नेमणुकीच्या वेळीच नवी अट सांगितली होती. ती मान्य करून ते आले, मग फसवणूक कोठे झाली? हा युक्तिवाद वजनदार दिसतो, पण तो अर्धाच खरा आहे. हजारो जागांच्या जाहिराती १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाल्या होत्या. उमेदवारांनी जुन्या अटी गृहीत धरून अर्ज केले, परीक्षा दिल्या, आणि सरकारच्याच दप्तरदिरंगाईमुळे नेमणुकीचा कागद त्या तारखेनंतर हाती पडला. विलंब सरकारचा आणि दंड उमेदवाराला! ही चूक सुधारायला जानेवारी २०२४ उजाडावा लागला. तेव्हा मंत्रिमंडळाने अशा सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय दिला. अठरा वर्षे ज्या मागणीला तिजोरीचा धाक दाखवला गेला ती एका बैठकीत मान्य होऊ शकते, तेव्हा नकारामागे हिशेबापेक्षा बेपर्वाई अधिक होती असेच म्हणावे लागते.

याहून दुःखद प्रकरण कुटुंब निवृत्तिवेतनाचे आहे. जुन्या योजनेत नोकरीत असताना माणूस दगावला तर त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. नव्या योजनेत खात्यात जे साठले असेल ते. नोकरीची पाचसात वर्षे झालेल्या तरुण शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या खात्यात काय साठणार? केंद्राने ही उणीव ओळखून २००९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी जुन्या नियमांचा लाभ तात्पुरता का होईना पण खुला केला. महाराष्ट्रात २०१८ मध्ये दहा लाखांचे सानुग्रह अनुदान आले, आणि कुटुंब निवृत्तिवेतन व मृत्यू उपदान यांचा शासन निर्णय निघाला तो ३१ मार्च २०२३ रोजी, म्हणजे संप मागे घेतल्यानंतर अकरा दिवसांनी. मधल्या वर्षांत जे घर उघडे पडले त्याची मुले तोवर शाळा सोडून कामाला लागली असतील. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला जे केंद्रानंतर चौदा वर्षांनी सुचले, त्याला उशीर म्हणणे हा शब्दांचा काटकसरीपणा होईल.

दुसरी कसोटी जोखमीची. नव्या योजनेविषयी बोलताना पैसे शेअर बाजारात बुडतील अशी भीती सभांमधून घातली जाते. ही भीती काहीशी अतिरंजित आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मूळ योजनेत शेअर्समधील गुंतवणुकीला दीर्घकाळ १५ टक्क्यांची मर्यादा होती. बहुतेक पैसा सरकारी आणि कंपन्यांच्या रोख्यांतच गेला. खरी जोखीम दुसरीकडे आहे. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्के रकमेचे विमा कंपनीकडून वर्षासन विकत घ्यावे लागते. समजा, एखाद्याच्या खात्यात ५० लाख जमले. त्याने २० लाखांचे वर्षासन घेतले आणि दर सहा टक्के मिळाला, तर त्याला महिन्याला दहा हजार रुपये मिळतील. आज दहा हजार, दहा वर्षांनी दहा हजार आणि वीस वर्षांनीही दहा हजार. उरलेले ३० लाख हाती असतात हे खरे, पण त्यातून मुलीचे लग्न, घराचे कर्ज, आजारपण असे काही निघाले की काय उरते ते मध्यमवर्गीय घरांना सांगावे लागत नाही. जुन्या योजनेत महागाईची जोखीम सरकारच्या खांद्यावर होती. नव्या योजनेने ती सत्तरीतल्या माणसाच्या खांद्यावर टाकली. जोखीम पेलण्याची शक्ती ज्याची सर्वांत कमी, त्याच्याकडे ती सरकवणे हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रामाणिक पुस्तकात शहाणपण ठरणार नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट लोकांपुढे नीट मांडली जात नाही. जुन्या योजनेतील कर्मचाऱ्याच्या पगारातूनही भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पण तो त्याला व्याजासह पुरा परत मिळतो. निवृत्तिवेतन त्याहून वेगळे. नव्या कर्मचाऱ्याचे दहा टक्के मात्र निवृत्तिवेतनाच्या पोटातच जातात. म्हणजे वेतनश्रेणीचा आकडा तोच ठेवून नव्या पिढीचे वेतन प्रत्यक्षात कमी करण्यात आले. वेतनकपातीचा ठराव मांडला असता तर गदारोळ झाला असता. येथे तिला सुधारणा म्हटले गेले, आणि जे अजून नोकरीतच नव्हते त्यांना विरोध करण्याचा प्रश्नच नव्हता. जुन्या कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्या वेळी याला निर्धाराने अडवले नाही, हेही नमूद केले पाहिजे. रेघ आपल्या पायामागे ओढली जात आहे, पुढे नाही, एवढे पाहून अनेकांनी सुस्कारा सोडला. धाकट्या भावाचा वाटा विकला जात असताना थोरला गप्प बसला, असा हा प्रसंग होता.

हे खटकते, कारण महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांची परंपरा वेगळी आहे. १९७७-७८ मध्ये केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवस संप केला. पगाराविना घरे चालवली, सावकाराचे उंबरे झिजवले. त्या वेळी सरकार नमले नाही. पुढे १९७८ मध्ये पुलोदचे सरकार आल्यावर मागणी मान्य झाली. त्या ५४ दिवसांचे फळ संपात नसलेल्यांना आणि पुढे नोकरीत आलेल्यांनाही मिळाले. लढणाऱ्याने आपल्यामागून येणाऱ्यासाठी लढायचे असते, हा त्या संपाचा धडा होता.

तिसरी कसोटी विचारविनिमयाची, आणि तिच्यासाठी पुण्याबाहेर जाण्याची गरज नाही. खडकीला एस. एम. जोशी भवन आहे. तेथे अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी महासंघाचे मुख्यालय आहे. एसेम या महासंघाचे अध्यक्ष होते, आणि जुलै १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपात संरक्षण कामगारही उतरले होते. त्या संपावर नेहरूंच्या सरकारने वटहुकूम काढला होता. त्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार १ ऑक्टोबर २०२१ च्या सकाळी कामावर गेले ते एका सरकारी कंपनीच्या अंमलाखाली. देशातील ४१ आयुध निर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. खडकी आणि देहूरोड येथील कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आले. कर्मचारी सरकारचेच, पण कंपनीकडे प्रतिनियुक्तीवर मानलेले, आणि तेही आधी दोन वर्षांसाठी, मग मुदतवाढीवर. डावा, काँग्रेसप्रणीत आणि संघप्रणीत असे तिन्ही महासंघ विरोधात एकत्र आले. हे आपल्या देशात रोज घडत नाही. त्यांनी संपाची हाक देताच जून २०२१ अखेर अत्यावश्यक संरक्षण सेवांचा वटहुकूम आला आणि संप करणे गुन्हा ठरले. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला.

कारखाने कंपनीकडे देणे योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. परंतु माणसाने सरकारची नोकरी पत्करली आणि त्याला न विचारता त्याचा मालक बदलू लागला, तर निदान त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची शालीनता राज्यसंस्थेने दाखवायला हवी. ज्या बदलाला आधी पोलिसी कायद्याचे कुंपण घालावे लागते, त्याच्या न्याय्यतेविषयी बदल करणाऱ्यालाच शंका असते, असे समजायला हरकत नाही.

१४ मार्च २०२३ रोजी जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यव्यापी संप सुरू झाला तेव्हा काय घडले ते ताजे आहे. कार्यालये ओस पडली, शाळा बंद राहिल्या, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. २० मार्चला संप मागे घेतला गेला. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची त्रिसदस्य समिती नेमली गेली. तिघेही स्वतः जुन्या योजनेचे लाभार्थी होते, हा योगायोग कर्मचाऱ्यांच्या नजरेतून सुटला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले होते, की जुनी योजना लागू केल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाईनुसार वाढ, कुटुंबाला हमी आणि किमान दहा हजार रुपये! म्हणजे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते त्याचा मोठा भाग शक्य निघाला. विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर आली होती, हे येथे ओघानेच आठवते.

ही योजना कर्मचाऱ्यांच्या लढ्याचे यश आहे, पण तिच्यातही एक मेख आहे. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी २५ वर्षांची सेवा हवी. महाराष्ट्रात बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. सरकारी नोकरीत प्रवेशाची कमाल वयोमर्यादा २०१६ पासून खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. वर्षानुवर्षे भरती बंद असल्यामुळेच ही मर्यादा वाढवावी लागली. आता हिशेब करा. जो ३८ व्या वर्षी लागला त्याची सेवा वीस वर्षे होणार, जो ४३ व्या वर्षी लागला त्याची पंधरा. ज्या तरुणांना सरकारने भरती न करून ताटकळत ठेवले, त्यांनाच सेवा अपुरी म्हणून कमी निवृत्तिवेतन मिळणार, आणि त्यांत मागास समाजातून उशिरा आलेली माणसे अधिक असणार. सारख्या नियमाचा भार असमान माणसांवर असमान पडतो, हे समाजवाद्यांनी तरी विसरता कामा नये.

आता उलट बाजूकडे वळले पाहिजे. या प्रश्नावर केवळ कर्मचाऱ्यांचे वकीलपत्र घेणे हे समाजवादी विचाराचे काम नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये दाखवले, की सर्व राज्ये जुन्या योजनेकडे परतली तर तिचा एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचार पट होऊ शकेल. हा आकडा गृहीतकांवर उभा आहे, पण त्याची दिशा नाकारता येत नाही. जुन्या योजनेत निधी नसतो. आजच्या करातून कालच्या कर्मचाऱ्याला पैसे दिले जातात. माणसे अधिक जगू लागली, याचा आनंद मानावा तितका खर्चही वाढतो. आणि हा कर कोण भरतो? अप्रत्यक्ष कर तर शेतमजूर बाईदेखील काडेपेटी घेताना भरते. तिला म्हातारपणी काय मिळते? केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतील वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी महिना २०० रुपये आहे आणि तो वर्षानुवर्षे तसाच आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात तीस वर्षे घाम गाळलेल्या कामगाराच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ मध्ये १००० रुपये ठरली. अंगणवाडी सेविका सरकारचेच काम करते, पण तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला या सेविकांचा संप जानेवारीअखेरपर्यंत चालला, तेव्हा किती कचेऱ्यांतून तिच्यासाठी एक दिवसाची तरी हाक उठली?

या प्रश्नापुढे दोन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर असे, की बहुसंख्यांना काही नाही, म्हणून थोड्यांना आहे तेही काढून घ्या. हे समतेचे सोंग घेतलेले उत्तर आहे. कारण काढून घेतलेले पैसे शेतमजूर बाईच्या पदरात पडल्याचे उदाहरण कोणी दाखवलेले नाही. २००५ नंतर कर्मचाऱ्यांचे म्हातारपण स्वस्त झाले, पण त्यामुळे तिचे २०० रुपये वाढले नाहीत. उलट कायम पदे रिकामी ठेवून कंत्राटी भरती वाढली. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने तर नऊ खाजगी संस्थांकडून मनुष्यबळ घेण्याची वाट मोकळी केली होती. तरुणांच्या संतापामुळे तो ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. तळाच्या माणसाची पायरी उंचवायची नसली, की वरच्या पायरीवरच्याला खाली ओढण्याला सुधारणा म्हटले जाते.

दुसरे उत्तर पुण्याच्याच मातीतून आलेले आहे. हमालांचा संसार उभा करणारे बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये पेन्शन परिषद उभी राहिली. तिची मागणी अशी, की प्रत्येक श्रमणाऱ्या माणसाला म्हातारपणी किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे. येथेही सूत्र निम्म्याचेच आहे. सरकारी कर्मचारी अखेरच्या वेतनाच्या निम्मे मागतो आणि हमाल किमान वेतनाच्या निम्मे मागतो. दोघांचे तत्त्व एकच आहे, की श्रम संपले म्हणून माणूस संपत नाही. दोन मागण्या एकमेकींच्या शत्रू नाहीत. त्यांना शत्रू म्हणून उभे करण्यात ज्यांचा लाभ आहे, ते तिसरेच आहेत.

यातून कर्मचारी चळवळीवर तीन जबाबदाऱ्या येतात. जुने आणि नवे, कायम आणि कंत्राटी, वेतनवाले आणि मानधनवाले यांची एकच संघटना आणि एकच मागणीपत्र असावे. वरच्या पदांवरील निवृत्तिवेतनाला कमाल मर्यादा मान्य करण्याची तयारी असावी. सातव्या वेतन आयोगाने केंद्रात किमान वेतन १८ हजार आणि कमाल अडीच लाख ठरवले. तेथे निम्मे म्हणजे एकीकडे नऊ हजार आणि दुसरीकडे सव्वा लाख. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी उच्चपदस्थ परकीयांच्या पगारांचा आणि पेन्शनांचा गरीब देशावर पडणारा भार दाखवला होता. अधिकारी स्वदेशी झाले म्हणून तो प्रश्न सर्वस्वी संपला असे नाही. आणि तिसरी जबाबदारी नागरिकाशी नाते जोडण्याची. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी चार खेपा घातलेला शेतकरी कर्मचाऱ्याच्या संपात त्याच्या बाजूने उभा राहील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचे पालन ही संघटनेची स्वतःची मोहीम झाली, तरच तिच्या मागणीला गावात कान मिळेल.

सरकारची जबाबदारी त्याहून मोठी आहे. सेवाशर्ती बदलताना ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्याशी आधी बोलावे. बदलाचा हिशेब सर्वांपुढे मांडावा. बोजा वाटायचा तर तो वरून खाली वाटावा. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली, आणि त्याच्या शिफारशींनंतर राज्यातही हेच प्रश्न पुन्हा उभे राहतील. त्या वेळी पुन्हा एखादी तारीख निवडली जाईल आणि पुन्हा एक रेघ ओढली जाईल. रेघेच्या अलीकडे उभे असलेल्यांनी पलीकडच्यांसाठी तोंड उघडले, तर २००५ ची पुनरावृत्ती टळेल. नाहीतर मेजाच्या दोन बाजूंना बसलेले ते दोघे शेजारी राहूनही एकमेकांना परके होत जातील, आणि मेजाच्या पलीकडे अर्ज हातात धरून उभा असलेला तिसरा माणूस त्या दोघांनाही परकाच समजत राहील.